खुल्या तारेचा वळसा

“हे मी कवा वाजोलं वं, मिते?” बाबा म्हणाले. कानांवर हेडफोन होते म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले, आणि इतके हसत म्हणाले की मी बोलायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. त्या तोंडातून ‘मी वाजवलं, बाबा, मी!’ असं निघायचं होतं. आख्खा आठवडा ते वाक्य मी घासूनपुसून तयार ठेवलं होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सायकल अशी हाणली होती की दप्तर पाठीवर उड्या मारत होतं, आणि घरी येऊन, हात धुऊन, युनिफॉर्मवरच बसून पूनमसिंगकाकांच्या लेंगीचा, म्हणजे होळीच्या गाण्याचा, बास मी बाबांच्या गिटारीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवला होता. एका दमात! कुठे थांबले नाही, कुठे बोट घसरलं नाही, कुठे तालाच्या पुढे पळाले नाही. शेवटचा स्वर थांबल्यावरसुद्धा तो बराच वेळ माझ्या गळ्याखालच्या हाडात राहिला होता, लांब गेलेला ट्रक खिडकीच्या काचेत राहतो तसा. मग मी बाबांना धरून मागच्या खोलीत आणलं, खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवले आणि समोर उभी राहिले, शाबासकी घ्यायला. बाबांनी डोळे मिटले. मान डोलायला लागली. उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर चालायला लागली, एकामागून एक, बास वाजवताना चालतात तशी. डावा हात आईने ठेवला होता तसाच होता, तळवा वर. गाणं संपलं, त्यांनी डोळे उघडले आणि मलाच विचारलं की हे त्यांनी केव्हा वाजवलं. मग स्वतःच आठवल्यासारखं करून म्हणाले, “सकाळी. सकाळीच ना. तू शाळेत गेलती तवा.”

मागची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. बाहेर पाटी नाही, वणीत ज्याला रेकॉर्डिंग करायचं तो विचारत विचारत येतो. कोणाला वाढदिवसाचं गाणं करायचं असतं, कोणाला वॉर्डातल्या प्रचाराचं, कोणाला देवीचं. भिंतींना बाबांनी गाद्या ठोकल्या आहेत, पिंजाऱ्याकडून मुद्दाम भरून घेतलेल्या, निळ्या पट्ट्यांच्या कापडाच्या. आत शिरलं की आपलं बोलणं आपल्याच ओठांपाशी संपतं. लहानपणी मला त्या खोलीची भीती वाटायची, आईला हाक मारली तर ती पोचणारच नाही अशी. फक्त एका गोष्टीला गाद्या अडवू शकत नाहीत, दुपारच्या ‘बार’ला. खाणीत सुरुंग उडवतात त्याला इथे सगळे बारच म्हणतात. तो आधी तळपायातून येतो, मग भांड्यांतून, आणि कानात सगळ्यात शेवटी. म्हणून आमच्याकडे दुपारी आलेल्या गाणाऱ्याला आधी चहा मिळतो. “बार होऊ द्या, मंग गा,” बाबा सांगायचे, आणि मोठमोठे आवाजवाले लोक बशी हातात धरून जमीन हलायची वाट बघत बसायचे. बासला मात्र बाराशी घेणंदेणं नाही. तो माइकमधून जात नाही, गिटारीतून वायरीने थेट कॉम्प्युटरात जातो. पंखा घरघरू दे, आई कुकर लावू दे, मी शिंकू दे, त्यातलं काही त्यात येत नाही. “बास खोलीचं काही आयकत नाही,” मला शिकवताना बाबा म्हणाले होते, “त्याले निस्तं बोट कळते.” तेव्हा हे मला जगातलं सगळ्यात भारी वाक्य वाटलं होतं. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं. आणि आता हसऱ्या बाबांसमोर उभी राहून मला वाटत होतं, ऐकलं असतं थोडं खोलीचं तर काय बिघडलं असतं? माझा श्वास आला असता. माझ्या शर्टाचं बटण गिटारीच्या पाठीला लागून टक् झालं असतं. कोणी तरी मुलगी इथे बसली होती एवढं तरी उरलं असतं.

मागच्या श्रावणात बाबा ऑफिसातून आले, चप्पल काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. बाबा खाणीच्या ऑफिसात क्लार्क. तरुणपणी गणपतीत, लग्नात ऑर्केस्ट्रात बास वाजवत फिरायचे. हे दोन्ही उद्योग एकाच माणसाचे असं कोणाला खरं वाटायचं नाही. डावी बाजू गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी आईला कागदावर मेंदू काढून दाखवला, मीही वाकून पाहिला, सोललेल्या अक्रोडासारखा. पाय थोडा येईल म्हणाले, तो आला, काठीवर. हात येणार नाही. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला तिथे समजलंच नाही, घरी आल्यावर हळूहळू समजलं. हात गेला आहे हे डोक्यात ज्या जागेला कळायचं असतं, ती जागाच गेली होती. बाकी बाबांना सगळं लख्ख आठवतं. नेरच्या कुठल्या लग्नात जनरेटर बंद पडला होता, कोणत्या गायकाला खोकला होता, माझा रोल नंबर. पण हाताचं विचारलं की म्हणतात, झोपला आहे. थंडीने जड झाला आहे. “आज नाही, उद्या वाजोतो.” कधी कधी तो उद्या येऊन गेलेलाही असतो, आणि बाबा चहा पिताना सांगतात की आज मस्त रियाज झाला. आई त्यांच्या बशीत चहा ओतत म्हणते, “हो का.” ‘हो का’ हे दोन शब्द किती वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणता येतात ते मला त्या महिन्यांत कळलं.

तर त्या शनिवारी बाबांनी हेडफोन मानेवर ओढले आणि पडवीत हाक मारली. “पूनमसिंग! ये बे इकडं, आयक कसा बसला बास!” पूनमसिंगकाका बार होण्याची वाट बघत चहा पीत बसले होते. ते कोळशाचा ट्रक चालवतात, त्यांचा बंजारा तांडा नेरकडे आहे, आणि होळीला तांड्यात म्हणतात त्या लेंग्या ते इतक्या खुल्या गळ्याने गातात की आमच्या गाद्यासुद्धा कमी पडतात. होळीच्या आत व्हिडिओ टाकायचा होता. मी स्पीकर चालू केला. ते दाराला टेकून ऐकत राहिले, आधी पायाने ताल धरला, मग दोन ओळी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिल्या. “भाऊ,” मांडीवरच्या त्या हाताकडे न बघता म्हणाले, “तोच हात! मी म्हणलं होतं का नाही, अनंतभाऊशिवाय माहं गाणं उभंच राह्यत नाही. नाव टाकतो बरं का व्हिडिओवर. बास गिटार, अनंतभाऊ. मोठ्या अक्षरात.”

“लहान टाक, लहान,” बाबा म्हणाले. “मले का इलेक्शन लढाचं हाये?”

दोघे हसले. मी पण हसले, कारण तोंड आधीच उघडं होतं. आता तुम्ही म्हणाल, नावाचं एवढं काय? पण या जानेवारीपर्यंत मी कोण होते ते सांगू का? वर्गात मागून दुसऱ्या बाकावरची ‘ती’. सर हजेरी घेताना माझं ‘हजर’ त्यांना ऐकू जायचं नाही आणि प्रेरणाला माझ्यातर्फे ओरडावं लागायचं. मग गॅदरिंग आलं. दहावीच्या पोरांना बास वाजवायला कोणी मिळत नव्हतं आणि प्रेरणाने, माझ्या त्याच मैत्रिणीने, परस्पर माझं नाव देऊन टाकलं. “पोट्टी बास वाजोते?” असं म्हणून ते हसले. हसू द्या. मी बाबांची गिटार पाठीला लावून सायकलवर नेली, तिची मान माझ्या डोक्याच्या वर आली होती, आणि रस्त्याने लोक बघत होते. स्टेजवर पहिल्या गाण्याला माझ्याकडे कोणीही पाहिलं नाही. बासवाल्याकडे कोणी बघतच नसतं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कोणाच्या तरी पायाने माझी वायर निघाली आणि मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, आख्ख्या मैदानाने, कारण गाण्याखालची जमीनच निघून गेली होती! मी वाकले, वायर लावली, पुढच्या समेवर परत आत शिरले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या. त्या दिवसापासून माझं ‘हजर’ खिडकीबाहेरच्या लिंबाला ऐकू जातं, इतिहासाच्या मॅडमना मी सनावळीवरून उलट विचारते, आरशात बघताना खांदे आपोआप मागे जातात. फक्त एवढंच झालं की निवेदन करणाऱ्या सरांना कलाकारांची ओळख करून देताना माझं नाव आठवेना. “आणि बासवर आपल्या अनंतरावांची कन्या,” असं म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. कन्येने नमस्कार केला.

म्हणून मी बोलले. विचार केला नाही. या नव्या आवाजाचं हेच तर होतं, तो विचाराच्या आधी निघतो. “काका, नाव माझं टाका. हे मी वाजवलं आहे.”

बाबा हसले. “तुले शिकोलं कोणं?”

“तुम्हीच शिकवलं, पण वाजवलं मी. आत्ता, दुपारी. आईला विचारा. तुमचा हात चालतच नाही ना, बाबा.”

पूनमसिंगकाकांनी बशी खाली ठेवली. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीकडे. डावा हात तिथे होता. त्यांनी उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं, दुकानात एखादी वस्तू उचलून बघतात तसा वर उचलला, वजन घेतल्यासारखा, आणि सोडला. हात पडला. त्यांनी परत उचलला. परत पडला. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात, जसं काही पाहुण्यांसमोर विचारू नये असं विचारतात तसं विचारलं, “कवापासून?”

मला श्रावण म्हणता आलं नाही. एवढा लख्ख आवाज माझा, कुठे गेला कोण जाणे. आणि नेमका तेव्हा बार झाला. तळपायातून आला, गाद्यांवरून गेला, खुर्ची थरथरली आणि तिच्याबरोबर मांडीवरची ती बोटं थरथरली, जराशी, पाण्यावर काडी हलावी तशी. “हालला,” बाबा म्हणाले. “पूनमसिंग, हालला ना?” पूनमसिंगकाकांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला होता. “हालला, भाऊ,” ते म्हणाले. “मी पाह्यला.” बाबा बघत राहिले. जमीन केव्हाच थांबली होती, हातही थांबला होता. मग त्यांचे खांदे हलायला लागले, एकच खांदा खरं तर. रडताना माणसाच्या दोन्ही बाजू लागतात हे मला माहीत नव्हतं. अर्ध्याने रडणं फार अवघड दिसतं.

आई ओल्या हाताने आली. तिने बाबांचं डोकं पोटाशी धरलं आणि मला मानेने बाहेर जायला सांगितलं. काका न गाताच गेले. संध्याकाळी ओट्यापाशी मी तांदूळ निवडत होते, म्हणजे निवडल्यासारखं करत होते, तेव्हा ती म्हणाली, “मीबी सांगतलं होतं त्याईले. नागपुरातच सांगतलं. मंग घरी आल्यावर सांगतलं. मले वाटे, एकदा रडतीन, मंग मन घट्ट होईन. पण त्याईच्या ध्यानात राह्यतच नाही, मिते. दर खेपी पह्यल्यांदाच आयकतात ते. रोज नवा हात जाते त्याईचा.” आणि मग, कुकरच्या शिटीकडे बघत, “कायले सांगतलं? नावासाठी?” यात ओरडणं नव्हतं. ओरडली असती तर मी भांडले असते, भांडायला मी आता शिकले आहे. जेवायला बसल्यावर बाबांनी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं आणि मला डोळा मारून म्हणाले, “उद्या सकाळी जरा वाजोतो. आज हात जड हाये.” दुपार त्यांच्यातून निघून गेली होती. पूर्ण. त्यांच्या डोळ्यांत तिचं काहीही नव्हतं. ती आता एकट्या माझ्यापाशी होती, त्यांच्या त्या ‘कवापासून’सकट, आणि तो घास गिळताना मला वाटलं की विसरणं हे काही इतकं वाईट नाही, ज्याला विसरता येतं त्याच्यासाठी.

रविवारी मी मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. खरं तर मला भांडायचं होतं, कोणाशी ते माहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरात बाबांची जुनी रेकॉर्डिंग काढली, मी लहान होते तेव्हाची, आणि त्यातलं एक काढून त्याच्यापुढे माझं कालचं लावलं. डोळे मिटले. एक बास गेला, दुसरा आला. दुसरा गेला, पहिला आला. थोड्या वेळाने मला कळेना की आत्ता चालू आहे तो कोणता. बाबांनी चूक केलीच नव्हती. ते बरोबरच होते! तोच हात. आणि तो कुठे ओळखू येतो तेही मग सापडलं. एक स्वर आहे, लेंगीत तो सारखा येतो, पायरीसारखा. त्या स्वराला बाबा बोट न दाबता शेजारची तार खुलीच छेडतात आणि ती जास्त घुमू नये म्हणून लगेच तळहाताच्या कडेने दाबतात. त्यामुळे तो स्वर ‘धूम्’ न येता ‘धुप्’ येतो, पाऊल किंचित लंगडतं, आणि त्या लंगडण्यानेच गाणं डोलायला लागतं. मला त्यांनी तसंच शिकवलं होतं. “इथं खुली तार. दाब. हां.” माझ्या हातावर त्यांचा तेव्हाचा हात, डावा, गरम, बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे पडलेला. मला वाटायचं बास असाच असतो. सूर्य पूर्वेला उगवतो तसं इथे खुली तार. पण का, ते मी जाऊन आईला विचारलं.

“काहून म्हंजे?” आई म्हणाली. ती बाबांच्या डाव्या हाताला तेल लावत होती, एकेक बोट ओढत. बाबा दुपारचे झोपले होते. “त्याईची पह्यली गिटार होती ना, ऑर्केस्ट्रातली, कोणाची तरी वापरलेली घेतलेली. तिच्या मानेवर त्या आडव्या काड्या असतात ना...”

“फ्रेट.”

“तेच. त्यातली एक झिजून बसली होती. तिथं बोट ठेवलं की टर्रर वाजे. लग्नात नवरदेवापुढे टर्रर! सगळे हासत. मंग हे तिथं जायेच नाही. वळसा घालत.” ती हसली, तरुण बाईसारखी. “ती गिटार गेली, नवी आली, तरी वळसा काही गेला नाही. मी म्हणो, आता तं सरळ जा. तं म्हणे, हाताले भेव बसलं.”

मी परत आत गेले आणि नव्या गिटारीवर, म्हणजे जी माझ्या ओळखीत कायमच आहे त्या गिटारीवर, त्या जागी बोट ठेवलं. पाचवा फ्रेट. मी तिथे कधीच गेले नव्हते. इतकी वर्षं आपल्याच घरातली एखादी खोली उघडू नये तसं. बोट दाबलं, छेडलं. टर्रर झालं नाही. स्वर आला, गोल, भरलेला, कुठलंही भय नसलेला, आणि मी सोडेपर्यंत राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला सांगू, मी ओरडलेच. पण मग मी ते लेंगीत घालून वाजवायला लागले आणि बोट दर वेळी त्या जागेशी येऊन आपोआप वळसा घ्यायला लागलं. एका मेलेल्या गिटारीला भिऊन. मी ती पाहिलीसुद्धा नाही, आणि तिची भीती माझ्या बोटात, रक्ताने यावी तशी. बोटाला समजवायला आख्खा आठवडा गेला. शाळेत बाकाखाली मांडीवर, पट्टीवर, प्रेरणाच्या दंडावर. “अगं, किती टोचतेस!” ती म्हणायची. आणि जसजसं बोट सरळ जायला लागलं तसतसं मला वाटायला लागलं की मी काहीतरी पुसते आहे. तो ‘धुप्’ म्हणजे बाबांचा हात जगात जिथे अजून चालत होता अशी शेवटची जागा, माझं बोट. आणि मीच तिथून त्यांना हलवत होते. एकदा थांबले. गिटार भिंतीला टेकवून बसून राहिले. मग परत उचलली. का उचलली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तो स्वर मला हवा होता, एवढंच. तो फार सुंदर होता आणि तो माझ्या बोटाखाली होता.

पुढच्या शनिवारी मी लेंगीचा बास नव्याने रेकॉर्ड केला. एका दमात नाही झाला, दोनदा चुकले, पण शेवटी झाला तो असा झाला की गाणं डोलण्याऐवजी चालायला लागलं, पाय जमिनीला पूर्ण टेकवत. पूनमसिंगकाका येणार होते, आणि मी काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. नाव बाबांचं. विषय संपला. मला माहीत आहे ना कोणी वाजवलं, मग पुरे. ‘कवापासून’ मला परत ऐकायचं नव्हतं, या जन्मात नाही. मोठं झाल्यासारखं वाटत होतं, जरा मिरवायलाही होत होतं मनातल्या मनात, की बघा, मी किती मोठ्या मनाची. आईला मी आधीच सांगितलं होतं. ती दाराशी येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. बाबांना खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवले.

त्यांनी डोळे मिटले. मान डोलली नाही. उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली आणि थोड्या वेळाने थांबली. परत चालली, परत त्याच जागी थांबली, अनोळखी गल्लीच्या तोंडाशी माणूस थांबतो तशी. कपाळावर आठी आली. मी घाई केली. गाणं संपताक्षणी, त्यांनी डोळे उघडायच्या आत, हेडफोन बाजूला करून म्हटलं, “बाबा, काय वाजवलं तुम्ही सकाळी! मस्तच.”

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग परत कॉम्प्युटरकडे, जिथे आता नुसती सरळ रेष होती.

“हे मी नाही वाजोलं,” ते म्हणाले.

“तुम्हीच. मी शाळेत गेले होते तेव्हा.”

“हट्! माह्या वाजोण्याले मी वळखत नाही का वं? दुसरा कोणी हाये हा.” ते रागावले नव्हते. खुर्चीत जरा पुढे सरकले होते, ऑफिसातून आल्यावर पेपर वाचताना सरकायचे तसे. “मी वळसा घालतो तिथं हा सरळ जाते. काही भेवच नाही त्याले.”

आईने दाराची चौकट धरली. मी विचारलं, आवाज जितका साधा ठेवता येईल तितका ठेवून, “बरा आहे का?”

“बरा?” बाबा म्हणाले. “लय बरा हाये. अजून कोवळा हाये, दोन जागी दम सोडला. पण बरा हाये.” त्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला, परत लाव म्हणून, आणि मी हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवत असताना म्हणाले, “पूनमसिंगले सांगजो, माहं नाव टाकू नको म्हणा. ज्याचं हाये त्याचंच टाक. तू नाव विचारून ठेव त्याचं.”

“विचारते.”

“अन् कोणापाशी शिकला, तेबी विचारजो.”

“हो बाबा,” मी म्हटलं, आणि गाणं पहिल्यापासून लावलं.